ब्रसेल्समध्ये युरोपीय संसदेसाठी मत देताना: फ्रेंच यादी की डच?

बेल्जियमचं नागरिकत्व मिळालं की आपल्या मराठी मंडळींची पहिली धावपळ परदेशस्थ भारतीयांच्या ओसीआय कार्डासाठी असते. मतदानाची आठवण होते ती कम्यूनकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, बोलावण्याचं पत्र टपालपेटीत पडतं तेव्हा. मग फोन सुरू होतात. “ताई, युरोपच्या मतदानाला आधी फ्रेंच की डच ते निवडा म्हणतात. आपण तर मराठी. आपण कशात मोडतो?”

कशातच मोडत नाही, आणि मोडायची गरजही नाही. तुमची मातृभाषा कोणती, घरात काय बोलता, नागरिकत्वासाठी कोणत्या भाषेची परीक्षा दिलीत, यातलं काहीही तिथे कुणी विचारत नाही. ब्रसेल्समध्ये राहणाऱ्या मतदाराने दोनपैकी एक भाषिक गट स्वतः निवडायचा असतो, तोही पडद्यामागे, गुप्तपणे, दर निवडणुकीला नव्याने. एवढं कळलं की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी घालवण्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची निपाणीची, आता ब्रसेल्समधल्या स्कारबेकमध्ये राहते. 9 जून 2024 च्या मतदानाला मला केंद्रावर मदतनीस म्हणून बोलावणं आलं होतं. (हे बोलावणं कुणालाही येऊ शकतं, आणि सबळ कारण नसेल तर जावं लागतं.) दिवसभर जे पाहिलं त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडत होती. माणसं आत्मविश्वासाने आत जात, आणि थोड्या वेळाने पडद्याआडून हाक येई, “माझा पक्ष इथे दिसतच नाही!” पक्ष मतदान यंत्रात असायचाच, फक्त दुसऱ्या भाषिक गटात.

कोणाला निवड आहे, कोणाला नाही

युरोपीय संसदेत 2024 पासून 720 सदस्य आहेत, त्यातले 22 बेल्जियमचे. हे 22 जण एका यादीतून येत नाहीत. देशाचे तीन भाषिक मतदारगट पाडले आहेत. डच गटाला 13 जागा, फ्रेंच गटाला 8 आणि जर्मन गटाला 1. युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक 1979 ची, तेव्हा दोनच गट होते. जर्मन भाषकांना स्वतंत्र जागा मिळाली ती 1994 मध्ये.

तुम्ही कोणत्या गटात मत देणार हे तुमचा नोंदलेला पत्ता ठरवतो. ल्यूव्हन, अँटवर्प, मेखेलन, झावेंटेम अशा डच भाषक फ्लँडर्समधल्या गावी राहत असाल तर डच गट, विषय संपला. वाव्र, लिएज, नामूर, लूव्हँ-ला-नव्ह इथे असाल तर फ्रेंच गट. पूर्वेकडच्या ऑयपेन, सांक्ट फिट वगैरे नऊ गावांत जर्मन गट. लूव्हँ-ला-नव्हची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी. 1968 मध्ये भाषेच्या वादावरून ल्यूव्हनचं जुनं विद्यापीठ दुभंगलं आणि फ्रेंच भाषक भागासाठी ते नवं गाव वसवलं गेलं. आज एकाच जुन्या विद्यापीठाच्या दोन शाखांची माणसं युरोपसाठी दोन वेगळ्या गटांत मत देतात.

निवड करण्याचा हक्क आहे तो ब्रसेल्सच्या 19 कम्यूनमधल्या मतदारांना. शिवाय ब्रसेल्सला खेटून असलेल्या, पण फ्लँडर्समध्ये मोडणाऱ्या सहा गावांना: क्राइनेम, वेझेम्बेक-ओपेम, वेमेल, लिंकेबेक, ड्रोखेनबोस आणि सिंट-खेनेसियस-रोडे. तिथला मतदार फ्लँडर्सची यादी घेऊ शकतो किंवा ब्रसेल्सच्या यादीकडे वळू शकतो. आपली बरीच आयटीतली कुटुंबं त्या बाजूला राहतात म्हणून हे नीट सांगते. माँगोमरीहून 39 नंबरच्या ट्रामने शेवटपर्यंत गेलात की वेझेम्बेक-ओपेम येतं. तिथे निवड आहे. शेजारचं स्टेर्रेबेक झावेंटेममध्ये मोडतं, तिथे नाही. घर बदलताना शाळा आणि ट्राम बघतो तशी ही गोष्टही एकदा नजरेखालून घाला. आणि निवडणुकीच्या तोंडावर पत्ता बदलला असेल तर पत्रावर कोणतं केंद्र छापलंय ते वाचा, कारण मतदारयादी काही आठवडे आधीच पक्की झालेली असते.

हे दोन प्रकार का, याची गोष्ट मोठी आहे. पूर्वी ब्रसेल्स, हाले आणि व्हिल्फोर्डे मिळून एकच मतदारसंघ होता आणि त्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे झावेंटेमलासुद्धा, फ्रेंच यादीला मत देता येई. फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या पक्षांना ते मान्य नव्हतं. आमच्या भूमीवर फ्रेंच पक्षांनी मतं का मागावीत, हा त्यांचा सवाल. एप्रिल 2010 मध्ये याच वादावरून सरकार पडलं, आणि त्यानंतरच्या निवडणुकीनंतर 541 दिवस देशाला नवं सरकार मिळालं नाही. शेवटी 2012 मध्ये तो मतदारसंघ तोडला, आणि 2014 पासून आजची रचना लागू झाली. सहा गावांना दिलेली सवलत ही त्या तडजोडीतली आहे.

मी सीमाभागातली, त्यामुळे हे वाचताना माझं मन निपाणीकडे जातंच. आमच्याकडे मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा एकाच चिक्कोडी लोकसभा मतदारसंघात, एकाच उमेदवारांच्या यादीतून निवड करतो. भारतात मतदारसंघ जमिनीचा असतो. भाषेचा प्रश्न सोडवायचा तर राज्याची हद्दच हलवावी लागते, आणि ती हलत नाही म्हणून आमच्या तीन पिढ्या त्या प्रश्नात गेल्या. बेल्जियमनेही भाषासीमा आपल्या महाराष्ट्राच्या मागोमागच, 1962-63 मध्ये कायद्याने आखली. पण राजधानीपुरतं त्यांनी वेगळं केलं: जमीन दोघांची, आणि मतदार आपला गट आपण निवडेल. मला हे फार मोलाचं वाटतं. इथे शेवटची भाषिक जनगणना 1947 ची. त्यानंतर माणसाची भाषा सरकार मोजतच नाही, त्यामुळे तुमच्या नावापुढे “फ्रेंच” किंवा “डच” असा शिक्का कुठल्याही दप्तरात नाही.

उमेदवाराचं मात्र तसं नाही. त्याला अर्ज भरताना आपण कोणत्या भाषेचे ते जाहीर करावं लागतं. आपल्यापैकी कुणाला पुढे उभं राहायचं असेल तर हे लक्षात ठेवा. आणि ब्रसेल्सच्या प्रादेशिक संसदेसाठी उमेदवाराने एकदा जाहीर केलेला भाषिक गट पुढच्या निवडणुकांनाही कायम राहतो, तेव्हा तिथे तर दहादा विचार करून सही करा.

मत आहे की नाही ते आधी बघा

भारतीय पासपोर्ट असेल तर युरोपीय संसदेसाठी मत नाही, इथे कितीही वर्षं राहिलात तरी. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर कम्यूनच्या निवडणुकीत मात्र मत देता येतं. त्यासाठी आधी नाव नोंदवून एका घोषणापत्रावर सही करावी लागते. ते जरूर करा, गल्लीतला कचरा आणि पाळणाघरातल्या जागा तिथेच ठरतात. बेल्जियन नागरिक झालात की वेगळी नोंदणी लागत नाही, पत्र आपोआप येतं. भारतातलं मत मात्र भारतीय नागरिकत्वाबरोबर जातं आणि ओसीआय कार्डाने ते परत येत नाही.

आपले गोव्याचे बांधव इथे वेगळ्या वाटेने येतात. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या आधारे अनेकांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं आहे. म्हणजे ते युरोपीय संघाचे नागरिक झाले आणि त्यांना युरोपीय संसदेसाठी बेल्जियममध्ये मत देता येतं. पण त्यांना पत्र आपोआप येत नाही. कम्यूनमध्ये जाऊन अर्ज भरावा लागतो. 2024 ला त्याची मुदत 31 मार्च होती, म्हणजे मतदानाच्या दोन महिन्यांहून आधी. एकदा नोंदणी झाली की पुढच्या वेळीही नाव राहतं, आणि मतदानाची सक्तीही लागू होते. एकाच निवडणुकीत पोर्तुगालसाठी आणि बेल्जियमसाठी अशी दोन मतं देता येत नाहीत, तसं अर्जात लिहूनच द्यावं लागतं. पोर्तुगालचं मत कायम ठेवायचं की इथलं घ्यायचं? मुलं इथे शाळेत जात असतील, कर इथे भरत असाल, तर मी इथलंच घ्या म्हणेन. पोर्तुगाल अख्खा एकच मतदारसंघ आहे, त्यामुळे तिथे भाषिक गटाचा प्रश्न येत नाही. इथे ब्रसेल्समध्ये नोंदणी केलीत की तो तुम्हालाही येणार.

गट कसा निवडायचा

बहुतेक जण इथे भाषेवरून ठरवतात. “मला फ्रेंच बरं येतं, म्हणून फ्रेंच,” किंवा “मुलं डच शाळेत आहेत, म्हणून डच.” यात गैर काही नाही, प्रचार कळणाऱ्या भाषेत ऐकता येतो हा मोठा फायदाच आहे. पण गट निवडणं म्हणजे भाषा निवडणं नव्हे. तुम्ही पक्षांचा एक पूर्ण संच निवडता आणि दुसरा पूर्ण संच बाजूला ठेवता. बेल्जियममध्ये देशभराचे पक्ष जवळजवळ नाहीत. डाव्या टोकाचा पीटीबी-पीव्हीडीए तेवढा दोन्हीकडे एकच आहे, तोही दोन नावांनी आणि दोन वेगळ्या याद्यांनी. बाकी सगळे एका भाषेचे.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. मी आधी युरोपातली विचारांची कुटुंबं बघते, मग माणसं, आणि गट शेवटी. युरोपीय संसदेत सदस्य देशवार बसत नाहीत, राजकीय गटांप्रमाणे बसतात. 2024 ला निवडून आलेल्यांत फ्रेंच भाषक पीएस आणि डच भाषक व्होराउट एकाच समाजवादी गटात बसले. एकोलो आणि ख्रून दोघंही हरित गटात. उदारमतवादी एमआर आणि ओपन व्हीएलडी रिन्यू गटात, आणि फ्रेंच बाजूचा लेझंगाजेही तिथेच गेला. डच बाजूचा सीडीअँडव्ही मात्र ईपीपीमध्ये, म्हणजे ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांच्या मोठ्या कुटुंबात. डच बाजूचेच एन-व्हीए ईसीआर या उजव्या गटात आणि फ्लाम्स बेलांग पेट्रियट्स या अतिउजव्या गटात. या दोघांना फ्रेंच बाजूला 2024 ला निवडून आलेला जोडीदार नव्हता.

याचा अर्थ असा. तुमचा ओढा समाजवादी, हरित किंवा उदारमतवादी विचाराकडे असेल तर दोन्ही गटांत तुम्हाला पर्याय आहे आणि स्ट्रासबर्गमध्ये, युरोपीय संसदेच्या सभागृहात, ते एकाच बाकांवर बसणार आहेत. तेव्हा दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि उमेदवार बघा. ब्लू कार्डाचे (उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्याचे) नियम, विदा (डेटा) संरक्षण, हवेचे निकष, औषधांच्या किमती, यांपैकी तुम्हाला जे जिव्हाळ्याचं असेल त्यावर कोण काम करतं? आधीच सदस्य असतील त्यांची मतदानाची नोंद युरोपीय संसदेच्या संकेतस्थळावर आहे. कोण कोणत्या समितीवर होतं तेही दिसतं. एका रविवारी दुपारी चहा घेत हे होतं. आणि जिथे तुमच्या विचाराचा पक्ष एकाच गटात आहे तिथे प्रश्नच नाही, भाषा येवो न येवो, तो गट घ्यायचा.

“डच बाजूला मत जास्त वजनदार” असं आपल्यात सर्रास बोललं जातं. ब्रसेल्सच्या प्रादेशिक संसदेबाबत तसं म्हणायला थोडी जागा आहे, तिथे 89 पैकी 17 जागा डच यादीला राखून ठेवलेल्या आहेत. युरोपच्या बाबतीत मी ते मानत नाही. उलट एक वेगळी गोष्ट बघा. डच गटात तुमचं मत सगळ्या फ्लँडर्सच्या मतांत मिसळतं, आणि तिथे ब्रसेल्सचा हिस्सा अगदी थोडा. फ्रेंच गटात फ्रेंच भाषक वालोनी आणि ब्रसेल्स मिळून हिशेब होतो, तिथे ब्रसेल्सच्या मतदाराला उमेदवार जास्त विचारतात. शहराचे प्रश्न, ट्राम, भाडी, हवा, यांवर बोलणारा उमेदवार हवा असेल तर ही बाब जमेस धरा.

जागा कशा वाटल्या जातात

इथे व्हिक्टर द'ओंत यांची पद्धत वापरतात. ते गेंटचे कायदेतज्ज्ञ, आणि बेल्जियमने 1899 मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्व स्वीकारलं ते याच पद्धतीने. प्रत्येक पक्षाच्या मतांना 1, 2, 3 असं भागत जायचं आणि येणाऱ्या आकड्यांतले सर्वांत मोठे आकडे जागांइतके उचलायचे.

एक काल्पनिक उदाहरण करू. जागा 5. अ पक्षाला 1,00,000 मतं, ब ला 60,000, क ला 34,000. अ चे भागाकार 1,00,000, मग 50,000, मग 33,333. ब चे 60,000 आणि 30,000. क चे 34,000 आणि 17,000. सर्वांत मोठे पाच आकडे उचला: 1,00,000, 60,000, 50,000, 34,000, 33,333. म्हणजे अ ला तीन, ब ला एक, क ला एक. आता क ची पाच हजार मतं कमी करून 29,000 धरा. क चा आकडा ब च्या 30,000 च्या खाली गेला, आणि क ची एकमेव जागा ब कडे गेली. छोट्या पक्षाला दिलेलं मत वाया जातं का, असं विचारणाऱ्यांनी हे गणित कागदावर एकदा स्वतः करून बघावं. काठावरच्या पक्षासाठी प्रत्येक मताला किंमत असते. फक्त तो काठावर आहे की काठापासून कोसभर लांब, हे आधीच्या निकालावरून ताडायचं. 2024 ला 13 जागांच्या डच गटात सात पक्षांना जागा मिळाल्या, 8 जागांच्या फ्रेंच गटात पाच पक्षांना. गटात जागा जितक्या जास्त तितकी लहान पक्षाला वाट मोकळी.

जर्मन गटात एकच जागा, त्यामुळे तिथे हे सगळं गणित एका ओळीत संपतं: ज्या यादीला सर्वांत जास्त मतं, तिला जागा. 2014 पासून सीएसपी या पक्षाचे पास्काल आरिमोंत तिथून निवडून येत आहेत. ऐंशी हजाराच्या आसपास वस्तीला युरोपात स्वतःच्या भाषेचा आवाज मिळतो, ही मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एवढ्या लोकसंख्येची गावं आपल्याकडे तालुक्याला असतात.

खटकतं ते वेगळंच. दोन्ही गटांत मत देता येत नाही, त्यामुळे दोन्ही भाषांच्या लोकांपुढे एकदम उभं राहायची वेळ कोणत्याही उमेदवारावर येत नाही. फ्लँडर्सच्या नेत्याला वालोनीत मतं मागायची नसतात, आणि वालोनीच्या नेत्याला फ्लँडर्समध्ये. इथल्या प्राध्यापकांच्या पाव्हिया गटाने 2007 मध्ये देशाच्या संसदेसाठी सुचवलं होतं की 150 पैकी 15 जागा सबंध देशाच्या एकाच मतदारसंघातून निवडाव्यात. ते झालं नाही. आमच्यासारख्या तिसऱ्याच भाषेतून आलेल्या माणसांना त्याची गरज जास्त जाणवते, कारण आम्ही कामावर एक भाषा बोलतो, दुकानात दुसरी, आणि मत देताना एकच उचलावी लागते.

केंद्रावर

ओळखपत्र आणि बोलावण्याचं पत्र घेऊन जा. ब्रसेल्समध्ये मतदान यंत्रावर होतं आणि 2024 ला वेळ सकाळी 8 ते दुपारी 4 होती. (वालोनीच्या फ्रेंच भाषक भागात अजून कागद आणि लाल पेन्सिल, तिथे 2 वाजताच बंद.) केंद्राध्यक्ष तुमचं नाव यादीत बघतात आणि चिपचं कार्ड देतात. ते यंत्रात घालायचं.

आता सावकाश. यंत्राचा पहिला पडदा (स्क्रीन) विचारतो, सूचना कोणत्या भाषेत हव्यात. हा गटाचा प्रश्न नाही. इथे फ्रेंच दाबून पुढे डच यादीला मत देता येतं आणि उलटही. केंद्रावर गोंधळलेली माणसं मी पाहिली ती बहुतेक इथेच घाईत असत. त्यांना वाटे, भाषा निवडली म्हणजे झालं, आणि पुढचा पडदा ते न वाचता दाबत. युरोपीय संसदेच्या मतदानात यंत्र गट स्वतंत्रपणे विचारतं. तो पडदा आला की थांबा, वाचा, मग दाबा. त्या गटाच्या याद्या उघडतील. यादी निवडलीत की एकतर सबंध यादीला मत द्या किंवा त्याच यादीतल्या एका अथवा अनेक उमेदवारांना. दोन वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार एकत्र निवडता येत नाहीत. उमेदवारांखाली पर्यायी उमेदवारांचीही नावं असतात. सदस्याने मध्येच जागा सोडली तर ते येतात, तेव्हा त्यांच्याकडेही बघा. माझा सल्ला, नुसत्या यादीला मत देऊ नका. यादीचं मत पक्षाने ठरवलेल्या क्रमाला बळ देतं. खालच्या क्रमांकावरची एखादी कष्टाळू बाई वर यायला हवी असेल तर तिच्या नावापुढेच दाबायला हवं.

2024 ला त्याच दिवशी देशाच्या आणि प्रदेशाच्या निवडणुकाही होत्या, त्यामुळे त्याच कार्डावर पुढचे पडदे आले. देशाच्या प्रतिनिधिगृहासाठी ब्रसेल्सच्या 16 जागा, तिथे दोन्ही भाषांच्या याद्या एकत्रच, गट विचारत नाहीत. मग ब्रसेल्स संसद, तिथे भाषिक गट पुन्हा विचारतात. युरोपसाठी फ्रेंच घेतलंत म्हणून इथेही फ्रेंचच घ्यावं असं बंधन नाही. इथे डच यादीला मत दिलंत तर फ्लेमिश संसदेसाठीही मत देता येतं, ब्रसेल्सच्या सहा जागा तिथे असतात. युरोपीय नागरिक म्हणून नोंदलेल्या गोवेकरांना मात्र फक्त युरोपचाच पडदा दिसतो.

शेवटी यंत्र कागद छापून देतं. वाचा. तुम्ही दिलेली मतं त्यावर दिसतात. मजकूर आत राहील अशी घडी घाला, कागद पेटीवरच्या स्कॅनरला दाखवा आणि पेटीत सोडा. चूक दिसली तर पेटीकडे जाण्याआधीच केंद्राध्यक्षांना सांगा. चिपचं कार्ड परत द्या, आणि पत्रावर शिक्का घेऊन ते जपून ठेवा.

सक्ती, सोळा वर्षांची मुलं आणि प्रॉक्सी

बेल्जियममध्ये मतदान 1893 पासून सक्तीचं आहे. (फ्लँडर्समध्ये कम्यूनच्या निवडणुकांना मात्र 2024 पासून सक्ती नाही.) पहिल्यांदा न गेल्यास 40 ते 80 युरो दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केल्यास 200 युरोंपर्यंत. पंधरा वर्षांत चारदा गैरहजर राहिलात तर दहा वर्षं नाव मतदारयादीतून जातं. कुणालाच मत द्यायचं नसेल तर कोरं मत देता येतं, पण हजेरी लावावी लागते.

2024 पासून युरोपीय संसदेसाठी मतदानाचं वय 16 आहे, आणि घटना न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या मुलांनाही मतदान बंधनकारक झालं. त्यामुळे मुलीच्या नावाचं पत्र आलं तर दचकू नका. मुलं डच शाळेतली आणि आईवडील फ्रेंचवर पोसलेले, हे आपल्या घरांत नेहमीचंच. त्यांनी वेगळा गट निवडला तर निवडू द्या. त्यांचे शिक्षक, मित्र, बातम्या त्या भाषेतल्या आहेत आणि उमेदवार त्यांना तुमच्याहून जास्त माहीत असतात. जेवताना चर्चा करा, उमेदवारांची नावं एकमेकांना वाचून दाखवा, पण पडद्याआड त्यांचं त्यांना ठरवू द्या.

पुढची निवडणूक 2029 ची, बहुधा पुन्हा जूनमध्येच, आणि मे-जून म्हणजे आपल्याकडे लग्नं, मुंजी, आईवडिलांची ऑपरेशनं. तिकीट काढलं असेल तर प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत देण्याचा अधिकार, दुसऱ्याला द्या. सुट्टीसाठी परदेशी असाल तर कम्यूनकडून दाखला घ्यावा लागतो. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत तो मागता येतो, पण तोवर थांबू नका. आजारपण, नोकरी किंवा शिक्षणासाठी वेगळा दाखला चालतो. प्रॉक्सीचा छापील अर्ज भरून, दाखला जोडून, विश्वासातल्या कुठल्याही मतदाराकडे द्या. एका माणसाला एकाच जणाची प्रॉक्सी घेता येते. तो तुमच्या केंद्रावर जाऊन मत देतो. म्हणजे ल्यूव्हनच्या दादाला प्रॉक्सी दिलीत तर त्याला स्कारबेकला यावं लागेल, आणि तिथे गटाचा तो प्रश्न त्याच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदाच येईल. त्याला नुसतं पक्षाचं नाव सांगू नका. कोणता गट, कोणती यादी, कोणते उमेदवार, हे त्याच क्रमाने कागदावर लिहून द्या.